हातचा एक

आमची धाकटी गेली त्याला येत्या श्रावणात अकरा वर्षं होतील. नऊ वर्षांची होती. चार दिवस ताप आला, आणि पाचव्या दिवशी आम्ही घरी परतलो ते तिच्याशिवाय. घरात सगळे तिला चिमणी म्हणायचे. दिवसातून पन्नासदा ती हाक घरात घुमायची. पाहुणे गेले आणि ती हाक बंद झाली. यांना वाटे, नाव काढलं तर मी रडेन. मला वाटे, हे खचतील. शेजारणी मला पाहिलं की भाजीच्या भावावर बोलू लागायच्या. हेतू सगळ्यांचा चांगलाच होता.

दिवाळीच्या आवराआवरीत तिचं दप्तर हाती आलं. गणिताची चौकटीची वही निम्मी कोरी होती. लिहिलेल्या शेवटच्या पानावर एक बेरीज. एककाचं उत्तर मांडलेलं, हातचा एक दशकाच्या डोक्यावर लिहिलेला, आणि पुढे काहीच नाही. ती वही रद्दीत घालवेना, कपाटात परत ठेववेना. मग तिच्याच पेन्सिलीने पुढच्या पानावर मी लिहायला बसले.

पहिले कित्येक दिवस मी नुसता तापच लिहिला. सकाळी १०२, दुपारी १०४, कोणतं औषध किती वाजता. हिशेब कुठे चुकला ते शोधत होते मी. मग राग लिहिला, इतरांवरचा, आणि त्याहून जास्त स्वतःवरचा. एका रात्री लिहिता लिहिता आठवलं, नावडती भेंडी ती ताटाखाली लपवायची. मला हसू आलं, आणि हसू आलं म्हणून रडू कोसळलं. त्या रात्रीपासून वहीत ‘ती’च्या जागी ‘तू’ आलं.

पुढे वाचनालयात इसाबेल अयेंदे या चिलीच्या लेखिकेचं ‘पाउला’ हाती लागलं. १९९१च्या डिसेंबरात त्यांची मुलगी पाउला माद्रिदमध्ये पोर्फिरिया या आजाराने बेशुद्ध झाली. इस्पितळात तिच्या उशाशी बसून आईने तिला पत्र लिहायला घेतलं. जागी झाल्यावर तिला आपलं घर, आपली माणसं परकी वाटू नयेत म्हणून. ती जागी झालीच नाही. ६ डिसेंबर १९९२ला गेली. पत्र मात्र थांबलं नाही. १९९४मध्ये त्याचं पुस्तक झालं. त्यानंतर काही वर्षं अयेंदेंना कथा-कादंबरी सुचेना, हेही सांगायला हवं. पुस्तक लिहून झालं म्हणून दुःख संपलं, असं त्यांचंही झालं नाही.

लिहिणं हे औषध आहे, असं मी म्हणणार नाही. १९८६मध्ये अमेरिकेत जेम्स पेनेबेकर यांनी विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज १५ मिनिटं मनातलं सर्वांत जड दुःख लिहायला लावलं. पुढच्या काही महिन्यांत त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या. पण २००२मध्ये मार्गारेट स्ट्रोब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नुकताच जोडीदार गमावलेल्यांना असंच लिहायला दिलं, तेव्हा तसा फायदा दिसला नाही. म्हणून कुणाला ‘लिही, बरं वाटेल’ असं सांगताना माझी जीभ अडखळते. ज्याला लिहवत नाही, त्याने लिहू नये.

मला काय मिळालं ते सांगते. एका सकाळी वही उघडली, तर माझ्या अक्षराखाली यांचं अक्षर. भेंडीच्या त्या ओळीखाली लिहिलं होतं, ‘लपवायची नाही. माझ्या ताटात टाकायची. मी खायचो.’ मी वही घेऊन तशीच स्वयंपाकघरातून बाहेर गेले. हे अंगणात नळाला पाइप लावत होते. त्या दिवशी दोघांनी मिळून तिचं नाव घेतलं, कितीतरी वेळ. चहा गॅसवर आटून गेला.

ती वही केव्हाच भरली. आता पाचवी चालू आहे आणि तिच्यात दोघांची अक्षरं आहेत. बेरजेचं ते पान आम्ही तसंच ठेवलं आहे.

तुमच्या ओळखीत असं घर असेल, तर तिथे जाल तेव्हा विषय बदलू नका. त्या मुलाचं नाव घ्या, त्याला काय आवडायचं ते विचारा. आई रडेल कदाचित. रडू द्या, आणि जरा वेळ बसा तिच्यापाशी.