जुनेंच चित्र कां दिसतें ?

गतवर्षीं आम्हां निवृत्त शिक्षकांच्या मेळाव्याची तारीख बदलली. संकेतस्थळावर सूचनेचें नवें चित्र आम्हीं जुन्याच नांवानें ठेविलें. तरीहि एक वृद्ध स्नेही जुन्याच दिवशीं येऊन बंद दाराशीं तासभर उभे राहिले. सकाळीं त्यांनीं पृष्ठ उघडून पाहिलें होतें. त्यांच्या पडद्यावर जुनीच तारीख होती! दोष त्यांचा नव्हता, आमचा होता.

कारण असें. पृष्ठांत चित्र नसतें, चित्राचा केवळ पत्ता असतो. त्या पत्त्यावरून ब्राउझर चित्र निराळें मागवितो आणि पुनः खेप पडूं नये म्हणून त्याची प्रत कोठारांत ठेवितो. ह्या कोठारास कॅश म्हणतात. सर्व्हरनें ८६४०० सेकंदांची मुदत दिली असेल, तर दिवसभर ब्राउझर सहसा विचारपूसहि करीत नाहीं. पत्ता चुकला, तर ४०४ हा आंकडा येतो व चित्राची जागा रिकामी राहते. पुष्कळ सर्व्हरांवर इंग्रजी लहानमोठ्या अक्षरांचा भेदहि त्यास पुरतो.

पाहणाऱ्यानें संगणकावर कंट्रोल, शिफ्ट व आर ह्या कळा एकत्र दाबल्यास बहुधा चित्र नव्यानें येतें. परंतु हें प्रत्येकास कोण सांगणार ? म्हणून बदललेल्या चित्रास नवें नांव द्यावें व पृष्ठांतील पत्ताहि बदलावा.

शाळेंतील फळ्यावरचा जुना कागद आम्ही काढीत असूं. दुसऱ्याच्या कोठारांतील कागद आपणांस काढतां येत नाहीं, हें ध्यानीं असावें.