छोट्या गावातला मुक्काम
(गणेशोत्सवातील भाषण, थोडे संक्षिप्त करून)



औषध कंपनीच्या नोकरीत तीस वर्षे मध्य प्रदेश पालथा घातला. बीना, कटनी, शहडोल, पिपरिया, बऱ्याच लॉजच्या रजिस्टरात माझी सही सापडेल. म्हणून समितीने हा विषय माझ्या गळ्यात घातला.

छोट्या गावात स्वस्त खोली मिळते, झोप मिळेलच असे नाही. बस स्टँडसमोर पहाटे चारपासून कंडक्टर गावांची नावे पुकारू लागतात, तेव्हा मागच्या बाजूची खोली मागावी. पैसे देण्याआधी खोली बघावी. बघायची म्हणजे नळ सोडून, पंखा लावून, आतली कडी घालून. चेक-आउट चोवीस तासांचा की दुपारी बाराचा, हे विचारल्याशिवाय तर पिशवी खाली ठेवू नये. रात्री अकराला उतरलात आणि हिशेब बाराचा निघाला, तर तेरा तासांना पूर्ण दिवसाचे भाडे. हजाराच्या आतल्या खोलीला जुलै २०२२ पर्यंत जीएसटी नव्हता, मग १२ टक्के लागला, सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के आहे. भाडे करासकट की कराशिवाय, तेही विचारा. आणि देवउठनी ग्यारस झाली की आधी फोन करूनच निघा. बँडवाल्यांपासून हलवायांपर्यंत सगळे लॉजमध्येच उतरलेले असतात.

मोठ्या जंक्शनवर रेल्वेची रिटायरिंग रूम मला सर्वांत पसंत. तिकीट कन्फर्म किंवा आरएसी हवे, खोली बारा किंवा चोवीस तासांसाठी मिळते, रिक्षाचे पैसे वाचतात. तीर्थाच्या गावी धर्मशाळा, गुरुद्वाऱ्याची सराय. ओंकारेश्वरला शेगावच्या गजानन महाराज संस्थानचे भक्तनिवास आहे. मात्र बऱ्याच धर्मशाळांत एकट्या माणसाला खोली देत नाहीत. मी कितीदा तरी अशा पायरीवरून परतलो आहे.

पुरुषाचे निभते. स्टेशनच्या बाकावर रात्र काढता येते. परीक्षेला किंवा मुलाखतीला एकट्या आलेल्या मुलीचे काय? काउंटरवरचा आधी विचारतो, "अकेली हैं?" आणि मग खोली नसते. असेल तर दुप्पट भाड्याची. सकाळी नऊला पेपर, आणि रात्रभर डोळ्याला डोळा नाही.

आता मुद्द्यावर येतो. मंडळाच्या सभागृहावरच्या दोन खोल्या कोचिंग क्लासला भाड्याने द्यायचा ठराव वार्षिक सभेपुढे आहे. पैसे हवेत, ते कोषाध्यक्षांइतकेच मलाही कळते, छत गळते आहे. तरी माझा विरोध आहे. दिल्लीत पहाडगंजला बृहन्महाराष्ट्र भवन आहे, कोलकात्याला महाराष्ट्र निवास आहे. परमुलखात उतरायला आपली जागा असावी, म्हणून आधीच्या लोकांनी ती उभी केली. आपली ऐपत दोन खोल्यांची आहे, तर दोन. एक बायकामुलींसाठीच राखीव ठेवावी, आणि ती मराठी असो वा नसो. यावर काहींचा आक्षेप येणार, सभेत जरूर मांडावा.

भाडे अगदी फुकट नको, फुकट जागेची कोणी निगा राखत नाही. दोन पलंग, गीझर, नीट लागणारी कडी. ओळखपत्र बघून नोंद करायची, पोलीस ठाण्यात काय कळवावे लागते ते आधी विचारून घ्यायचे. रजिस्टर घेऊन रोज संध्याकाळी सहा ते आठ मी बसेन. रात्रीच्या गाडीने येणाऱ्यांसाठी मात्र आणखी कोणीतरी पुढे यायला हवे.