धावून आल्यानंतरचे पंचावन्न दिवस

(माजी विद्यार्थी मेळाव्याच्या दुपारच्या सत्रातील भाषण)



समितीनं मला सांगितलं, "तुझ्या आफ्रिकेतल्या शर्यतीबद्दल बोल. जरा प्रेरणादायी बोल." प्रेरणादायी बोलण्याची मला सवय नाही. बँकेत पस्तीस वर्षं काढलेल्या बाईला हिशेब सांगता येतो, तोच सांगते.

सकाळपासून नाश्त्याच्या रांगेत मला तीन प्रश्न विचारले गेले. "गुडघे शाबूत आहेत का?" "घरचे काही बोलत नाहीत का?" आणि "एवढं धावून आल्यावर मग होतं काय?" यातला तिसरा प्रश्न मला फार आवडला. शर्यतीचे फोटो तुम्ही सगळ्यांनी ग्रुपवर पाहिले, फुलं पाठवलीत, अंगठे पाठवलेत. पुढचे दोन महिने मी काय करत होते ते कुणाला माहीत नाही. साठीनंतर धावणाऱ्याची खरी कसोटी त्याच दोन महिन्यांत लागते, असं माझं मत झालंय. म्हणून आज शर्यत थोडक्यात आटपते.

कॉम्रेड्स मॅरेथॉन ही दक्षिण आफ्रिकेतली शर्यत. पहिल्या महायुद्धात गेलेल्या आपल्या सोबत्यांच्या आठवणीसाठी विक क्लॅफम नावाच्या सैनिकानं ती 1921 मध्ये सुरू केली. डर्बन आणि पीटरमॅरिट्झबर्ग या दोन शहरांमध्ये ती होते. साधारणपणे एका वर्षी चढाच्या दिशेनं आणि पुढच्या वर्षी उताराच्या. 11 जून 2023 ला उताराची पाळी होती, अंतर 87.7 किलोमीटर. पहाटे साडेपाचला सुटायचं आणि बारा तासांच्या आत पोचायचं. बारा तास भरले की धावणाऱ्यांकडे पाठ करून एक माणूस बंदूक उडवतो. मग तुम्ही रेषेपासून दोन पावलांवर असलात तरी तुमची शर्यत झाली नाही. मी 11 तास 38 मिनिटांत पोचले. अकरा ते बारा तासांत येणाऱ्यांना क्लॅफमच्याच नावाचं पदक मिळतं, ते आज आणलंय, नंतर बघा. पीटरमॅरिट्झबर्ग म्हणजे 1893 मध्ये गांधीजींना जिथे गाडीतून उतरवलं तेच स्टेशन. आदल्या दिवशी तिथे जाऊन आले. इतिहासाच्या बाई समोर बसल्यात, त्यांना सांगायचं राहून जाऊ नये.

झाली शर्यत. आता पुढचं.

"उताराची शर्यत म्हणजे बरीच सोपी असेल," असं मला इथल्या पुष्कळ जणांनी म्हटलं. आपण सगळे विहिरीचं पाणी ओढलेली माणसं. भरलेली बादली वर ओढताना दम लागतो. पण भरलेली बादली कधी दोरानं हळूहळू खाली सोडलीत का? तळहात सोलून निघतात. उतारावर मांडीच्या स्नायूंचं तेच होतं. अंगाचा भार खाली जाऊ पाहतो आणि स्नायू ताणला जात असतानाच त्याला धरून ठेवतो. त्यात स्नायूचे बारीक तंतू फाटतात. हे दुखणं त्याच दिवशी पूर्ण कळत नाही, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कळसाला पोचतं. डर्बनला आमची खोली पहिल्या मजल्यावर होती. दोन दिवस मी जिना उलटा उतरले, कठड्याला धरून, पाठ खालच्या दिशेला करून. आमच्या ह्यांनी त्याचा व्हिडिओ काढलाय. तो ग्रुपवर येणार नाही.

आपल्या वर्गातला डॉक्टर आज इथे आहे, त्याला न विचारताच त्याच्या दोन सूचना सांगते. मी निघण्याआधी त्यानं मला फोनवर बजावलं होतं, "दुखलं तरी आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक असलं काही घ्यायचं नाही." एवढं धावल्यावर शरीरातलं पाणी कमी झालेलं असतं, मूत्रपिंडांवर फाटलेल्या स्नायूंचा कचरा गाळण्याचा भार असतो, आणि नेमक्या त्या वेळी या गोळ्या मूत्रपिंडांचा रक्तपुरवठा कमी करतात. विशीतलं मूत्रपिंड सहन करेल कदाचित, साठीतल्याची परीक्षा कशाला? दुसरी सूचना अशी की लघवीचा रंग कोलासारखा गडद झाला, किंवा छातीत दुखलं, तर विचार करत बसायचं नाही, सरळ दवाखाना गाठायचा.

परत आल्यावर आठवड्याभरात विम्याच्या तपासणीसाठी माझं रक्त घेतलं गेलं. रिपोर्टमध्ये सीपीके नावाचा आकडा होता. तो एरवी शेकड्यात असतो, माझा हजारांत. हे द्रव्य हृदयविकारातही वाढतं. त्या केंद्रातल्या मुलीनं माझ्या तोंडाकडे बघून खुर्ची पुढे केली आणि विचारलं, "काकू, सोबत कोण आलंय?" मी सांगितलं, 88 किलोमीटर धावून आलेय. तिला वाटलं, काकू भ्रमात बोलतायत. शेवटी आपल्या डॉक्टरशी फोनवर बोलणं करून दिलं तेव्हा प्रकरण मिटलं. ईसीजी मात्र त्यानं काढायला लावलाच, आणि योग्यच केलं. तीन आठवड्यांनी तोच आकडा जागेवर आला होता.

परतीच्या विमानाबद्दल एक. एवढ्या श्रमांनंतर तासन् तास पाय दुमडून बसणं हे पोटरीत रक्ताची गाठ व्हायला आमंत्रण असतं. मी घट्ट मोजे घातले आणि दर तासाला उठून दोन रांगांमधून फिरले. हवाईसुंदरीला वाटलं, म्हातारी घाबरली आहे.

आणि मग घर.

माझी आई शहाऐंशी वर्षांची आहे आणि माझ्याकडेच असते. फेब्रुवारीत ती न्हाणीघरात पडली, खुब्याचं हाड मोडलं, शस्त्रक्रिया झाली. मी आफ्रिकेला गेले तेव्हा ती वॉकर धरून खोलीतल्या खोलीत चालत होती. पंधरा दिवस वहिनी येऊन राहिली म्हणून मला जाता आलं. मी आले त्याच रात्री वहिनीची गाडी होती. म्हणजे दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला आईला उठवून बसवायला मी, आणि मला स्वतःला पलंगावरून उठायला हाताचा टेकू लागत होता. तुमच्यापैकी ज्या बायका हसतायत त्यांना कळलंय. पुरुष धावून आला की "दमलाय, झोपू दे" म्हणतात. बाई हौसेनं धावून आली की कुकर तिचीच वाट बघत असतो. विश्रांती ही मागून घ्यावी लागते, आणि आपल्या पिढीतल्या बायकांना ते मागणं पळण्यापेक्षा जड जातं. मी मागितली. दुपारी दोन ते चार माझं दार बंद, ह्यांनी आईकडे बघायचं, असं ठरवून कॅलेंडरवर लिहिलं. पहिले तीन दिवस घरात थोडी कुरबुर झाली, चौथ्या दिवसापासून ह्यांना आणि आईला पत्ते खेळायची चटक लागली.

आईकडे व्यायाम घ्यायला एक फिजिओथेरपिस्ट मुलगी येते. तिनं माझी चाल बघितली आणि दोघींना एकच वेळापत्रक दिलं. थोडं चालायचं, बसायचं, पुन्हा थोडं चालायचं. दिवसभर लोळायचं नाही. तिनं सांगितलेली एक गोष्ट माझ्या डोक्यात बसली. अमेरिकेत निरोगी वयस्कर माणसांना दहा दिवस नुसतं अंथरुणात ठेवून बघितलं, तेव्हा त्यांच्या पायांतलं मांस जवळजवळ किलोभर कमी झालं. दहा दिवसांत! म्हणून या वयात विश्रांती म्हणजे पलंग नव्हे, हे आईलाही लागू आणि मलाही.

खाण्याचंही तेच. म्हाताऱ्या स्नायूला थोडं कमी ऐकू येतं असं समजा. तरुण स्नायू थोड्या प्रथिनांच्या हाकेला ओ देतो, आपल्याला जरा मोठ्यानं हाक मारावी लागते, म्हणजे एका जेवणात पंचवीस-तीस ग्रॅम. आता बघा, घट्ट वरणाच्या वाटीत सहा-सात ग्रॅम, एका अंड्यात सहा, पेलाभर दुधात सात-आठ. आपलं वरण-भात, भाजी आणि ताक हे जेवण माझं अत्यंत लाडकं, पण त्यात बेरीज पंधराच्या पुढे जात नाही. मग सकाळी दोन अंडी आणि दूध, दुपारी उसळ आणि दही, संध्याकाळी पनीर, मधे फुटाणे. आईनं शहाऐंशीव्या वर्षी पनीर खायला सुरुवात केली. त्याला ती "ते रबर" म्हणते. ज्यांना मूत्रपिंडाचा त्रास आहे त्यांनी मात्र हे ऐकून सोडून द्या आणि आपल्या डॉक्टरांना विचारा.

धावणाऱ्यांमध्ये एक जुना ठोकताळा आहे. शर्यतीचे जितके मैल, तितके दिवस पुन्हा जोर लावायचा नाही. 87.7 किलोमीटर म्हणजे सुमारे साडेचोपन्न मैल. मी पंचावन्न दिवस धरले आणि वहीत रोज सकाळची नाडी लिहिली. एरवी माझी नाडी 54 असते. परत आल्यावर ती 66 होती, नऊ दिवस तिथेच राहिली, मग एकेक पायरी उतरली. दहाव्या दिवशी सर्दी-खोकला झाला, तोही अशा शर्यतींनंतर बऱ्याच जणांना होतो. एका संध्याकाळी लसूण सोलता सोलता उगाच रडू आलं. सहा महिने ज्याची तयारी केली ते झालं, आता सकाळी उठून करायचं काय, असं ते रिकामपण. त्याबद्दल कुणी आधी सांगत नाही म्हणून मी सांगतेय.

आईनं ते बघितलं. आमच्या आईनं आयुष्यात चौदा वाऱ्या केल्या आहेत. मी डर्बनच्या रस्त्यावर होते त्याच दिवशी आळंदीहून माउलींच्या पालखीचं प्रस्थान झालं होतं, आणि आता पालखी आपल्या सातारा जिल्ह्यातून चालली होती. आई टीव्हीवर बघत होती. मला म्हणाली, "अगं, पालखीला सुद्धा विसावा असतो. वेळापत्रकात छापलेला असतो. तुझा छापला होतास का?" मी वहीत त्या पंचावन्न दिवसांच्या वर 'विसावा' असं लिहिलं. त्याआधी तिथे 'रिकव्हरी' लिहिलं होतं.

सतराव्या दिवशी खरी भीती वाटली. उजव्या पावलाच्या वरच्या बाजूला दुखू लागलं. फिजिओथेरपिस्ट मुलीनं विचारलं, "तळहातानं दाखवता येतं की एका बोटानं?" स्नायूचं दुखणं तळहातभर पसरलेलं असतं. एका बोटानं नेमका ठिपका दाखवता आला तर हाडाला बारीक चीर असू शकते. मला बोटानं दाखवता येत होतं. पाळी गेल्यानंतर बायकांची हाडं विरळ होतात, मी एकसष्ट वर्षांची. आणि मनात विचार धावण्याचा नव्हता. मी लंगडले तर आईला कोण उठवणार, हा होता. एक मोडलेलं हाड घरात पुरे होतं. अशी चीर सुरुवातीला साध्या एक्स-रेत दिसत नाही, म्हणून एमआरआय केला. हाडाला सूज होती, चीर नव्हती. तीन आठवडे टणक तळाचा बूट घातला आणि घाटावरचं फिरणं सुद्धा बंद करून खुर्चीत बसून व्यायाम केले. माझी खुर्ची आणि आईची खुर्ची समोरासमोर. ती मोजायची, आणि आठानंतर थेट दहा म्हणायची.

पाऊल बरं झालं. कॉम्रेड्सचाच एक माणूस मला त्या दिवसांत आठवत होता, वॉली हेवर्ड. त्यानं ही शर्यत 1930 मध्ये एकविसाव्या वर्षी जिंकली. मग वीस वर्षांनी, 1950 मध्ये पुन्हा जिंकली, आणि 1954 मध्ये पंचेचाळिसाव्या वर्षीसुद्धा. 1989 मध्ये ऐंशी वर्षांचा असताना तो पुन्हा उतरला. तेव्हा मुदत अकरा तासांची होती. तो दोन मिनिटांहून कमी वेळ उरलेला असताना पोचला, अगदी पार गळून. त्यानंतर तो ती शर्यत धावला नाही, आणि सत्त्याण्णव वर्षं जगला. लोक त्याचं ऐंशीव्या वर्षीचं धावणं सांगतात. मला त्याचं नंतर न धावणंही तितकंच मोठं वाटतं.

चाळिसाव्या दिवशी गणपती घाटावरून मेणवलीपर्यंत गेले, दोन मिनिटं पळत, तीन मिनिटं चालत. छप्पन्नाव्या दिवशी पसरणीचा घाट. ऑगस्टचा पाऊस, धुकं, वास सगळा ओल्या गवताचा. पाचगणीपर्यंत चढून गेले, आणि खाली एसटीनं आले. चढ चालतो, उतार अजून नको, हा माझा हिशेब. भिजलेले बूट घेऊन बसमध्ये चढले तर कंडक्टर म्हणाला, "मावशी, वर पळत आलात आणि उतरताना एसटी? लोक उलटं करतात." बायकांना अर्धं तिकीट झालंय, तेव्हा एवढ्या स्वस्तात मांड्या वाचतात हे त्याला समजावून सांगितलं. हल्ली तो मला बघितलं की हॉर्न वाजवतो.

पुढची शर्यत कधी, हे अजून ठरवलेलं नाही. आई आता वॉकर घेऊन कोपऱ्यावरच्या मारुतीपर्यंत जाते. तिला नातवाच्या लग्नात मांडवात काठीवर चालत जायचंय, ते फेब्रुवारीत आहे. तोपर्यंत आमच्या दोघींच्या वहीत तिचंच वेळापत्रक वर असणार.

सर, तुम्ही आम्हा मुलींना मैदानावर चार फेऱ्या मारायला लावायचात आणि नंतर पिंपळाखाली दहा मिनिटं बसवायचात. आम्हाला वाटायचं, तुम्हाला विडी ओढायची असते. तसंही असेल.

उद्या सकाळी सहा वाजता मी गणपती घाटावर आहे. मेणवलीपर्यंत चालत जायचं, वाड्याजवळ चहा घ्यायचा, आणि ज्यांना परत चालवणार नाही त्यांच्यासाठी दोन रिक्षा सांगून ठेवल्या आहेत. जोडे सैल घालून या.