इनामगावचे अभ्यासक कुठे भेटतील?



शिरूर तालुक्यातलं इनामगाव देशातल्या कितीतरी मुलांना नावानं ठाऊक आहे. एनसीईआरटीच्या सहावीच्या इतिहासाच्या पुस्तकात अनेक वर्षं या गावावर मजकूर होता. घोड नदीच्या काठी साडेतीन हजार वर्षांपूर्वी वस्ती होती, ते लोक गहू, सातू, कडधान्यं आणि तीळ खात होते, आपल्या माणसांना घराच्या आवारातच पुरत होते, हे त्या मुलांनी वाचलं. ही माहिती पुस्तकात पोचली कशी? ती कोणी शोधली, कोणी तपासली आणि आज त्या प्रश्नांवर कोण काम करतं आहे? शिरूर-दौंडच्या एखाद्या विद्यार्थ्याला हे जाणून घ्यायचं असेल, तर आता घरबसल्या तसं करता येतं. त्याचा मार्ग आज मला तुम्हाला सांगायचा आहे.

पुण्याच्या डेक्कन कॉलेजनं १९६८ ते १९८३ या काळात इनामगावला उत्खनन केलं. ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झेड. डी. अन्सारी ही त्यातली प्रमुख नावं. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० असा जवळजवळ नऊशे वर्षांचा संसार तिथे मातीखाली होता. शंभरावर घरं उजेडात आली. नदीचं पाणी वळवणारा पाट आणि त्याला लागून घातलेला बांध सापडला. वस्तीच्या मध्यभागी पाच खोल्यांचं एक मोठं घर होतं, शेजारी धान्याचं कोठार. त्या घराच्या अंगणात चार पायांचा एक मातीचा रांजण निघाला. त्यात एका माणसाला मांडी घालून बसवलेलं होतं. वस्तीतल्या बाकीच्या बहुतेक मोठ्या माणसांना आडवं, उत्तरेकडे डोकं करून पुरलेलं, आणि त्यांची पावलं घोट्याखाली तोडलेली. तान्ह्या मुलांसाठी दोन मडकी तोंडाला तोंड लावून घराच्या जमिनीखाली ठेवलेली.

उत्खनन संपलं म्हणजे काम संपलं, असं होत नाही. जळालेलं धान्य एम. डी. काजळे यांच्यासारख्या पुरावनस्पतितज्ज्ञाकडे गेलं. जनावरांची हाडं पी. के. थॉमस यांनी तपासली. माणसांच्या सांगाड्यांवर सुभाष वाळिंबे आणि अमेरिकेतले जॉन ल्यूकाक्स यांनी मिळून काम केलं. त्यांचा खंड १९८६ मध्ये निघाला, तर उत्खननाचा मुख्य अहवाल १९८८ मध्ये. म्हणजे एकाच गावची माती, पण तिचं ज्ञान वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, शरीरशास्त्र, भूशास्त्र अशा निरनिराळ्या घरी नांदायला गेलं. त्यामुळे ‘इनामगावचा तज्ज्ञ कोण?’ या प्रश्नाला एका नावाचं उत्तर नाही. माणसांचं एक जाळं आहे, आणि ते समजून घेतल्याशिवाय इनामगाव समजत नाही.

हे जाळं पूर्वी कुठे दिसायचं? अहवालाच्या सुरुवातीच्या ऋणनिर्देशात आणि शेवटच्या संदर्भसूचीत. त्यासाठी येरवड्याला डेक्कन कॉलेजच्या ग्रंथालयात जावं लागे. आता संशोधकांच्या ऑनलाइन निर्देशिका झाल्या आहेत. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राची ‘विद्वान’ नावाची निर्देशिका आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या या केंद्रानं देशभरातल्या प्राध्यापकांची आणि शास्त्रज्ञांची माहिती एका ठिकाणी आणली आहे. त्याच केंद्राची ‘आयआरआयएनएस’ ही प्रणाली एकेका संस्थेतल्या संशोधकांची माहिती मांडते, आणि कोणी कोणाबरोबर लिहिलं ते सहलेखकांच्या आकृतीतून दाखवते. ‘शोधगंगा’वर पीएच. डी.चे प्रबंध आहेत. तिथे प्रत्येक प्रबंधावर मार्गदर्शकाचं नाव असतं, त्या नावावरून त्यांचे इतर विद्यार्थीही सापडतात. गुगल स्कॉलरवर संशोधकाच्या पानावर त्यांचे विषय दिलेले असतात. विषयावर बोट ठेवलं की त्याच विषयात काम करणारी इतर माणसं समोर येतात.

परदेशातही हाच प्रयत्न झाला. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या ग्रंथालयात २००३ मध्ये ‘व्हिव्हो’ नावाची निर्देशिका सुरू झाली. एकाच विद्यापीठातले जीवशास्त्राचे अभ्यासक वेगवेगळ्या विभागांत विखुरलेले, एकमेकांना ठाऊक नसलेले. त्यांना जोडण्यासाठी ती केली होती. पुढे ती जगातल्या कोणत्याही संस्थेला वापरता येईल अशी खुली झाली.

आता प्रत्यक्ष शोध करून पाहू. शिरूरचा परिसर पर्जन्यछायेतला. इथल्या एखाद्या मुलीला प्रश्न पडला की, तीन हजार वर्षांपूर्वी इनामगावावर दुष्काळ आला होता म्हणतात, तर तो तिथल्या मुलांच्या हाडांत दिसतो का? प्रश्न असा नेमका असावा. नुसतं ‘इतिहास’ किंवा ‘पुरातत्त्व’ टाकलं तर नावांचा ढीग पडेल. गावाचं नाव, जोडीला ‘सांगाडे’ आणि ‘बालकांची वाढ’ असं टाकलं तर मोजकी नावं येतील. शब्द मात्र रोमन लिपीत टाकावे लागतात, कारण या निर्देशिकांचा बहुतेक मजकूर इंग्रजीत आहे.

या शोधातून अमेरिकेतल्या ग्वेन रॉबिन्स शुग यांचं नाव पुढे येतं. इनामगाव आणि दख्खनमधल्या इतर ताम्रपाषाण वस्त्यांतल्या बालकांच्या हाडांवर त्यांनी काम केलं, आणि २०११ मध्ये हवामानबदल आणि प्राचीन सांगाडे या विषयावर त्यांचं पुस्तक निघालं. पण इथे थांबू नका. आपल्याकडे परगावचा पाहुणा आला की आपण विचारतो, कोणाचे कोण, आजोळ कुठलं, सोयरीक कुठली. संशोधकाच्या बाबतीतही हेच विचारायचं. त्यांचा प्रबंध कोणाच्या हाताखाली झाला? जॉन ल्यूकाक्स यांच्या. म्हणजे ज्यांनी वाळिंबे यांच्यासह इनामगावचे सांगाडे तपासले, तेच. आणि ल्यूकाक्स कोणाचे विद्यार्थी? केनेथ केनेडी यांचे. दक्षिण आशियातल्या प्राचीन माणसांच्या सांगाड्यांचे ते मोठे अभ्यासक, आणि त्यांनी शिकवलं ते त्याच कॉर्नेल विद्यापीठात. घोडकाठच्या हाडांच्या अभ्यासामागे गुरु-शिष्यांच्या अशा तीन पिढ्या आहेत, आणि त्यातल्या मधल्या पिढीचा हात पुण्याच्या वाळिंबे यांच्या हातात होता. एवढी गोष्ट नुसत्या नावांच्या यादीतून कळली नसती.

आता सहलेखक पाहू. २००९ मध्ये राजस्थानातल्या बालाथल इथल्या चार हजार वर्षांपूर्वीच्या सांगाड्यात कुष्ठरोगाच्या खुणा दिसल्याचा निबंध प्रसिद्ध झाला. त्यावर रॉबिन्स यांच्याबरोबर डेक्कन कॉलेजच्या वीणा मुश्रीफ-त्रिपाठी आहेत, वि. ना. मिश्र, आर. के. मोहंती आणि वसंत शिंदे आहेत. म्हणजे अमेरिकेतल्या एका नावापासून निघालेली रेघ आपल्याला परत येरवड्यालाच घेऊन आली. शिरूरच्या विद्यार्थिनीला सातासमुद्रापार पत्र पाठवण्याआधी पुण्यातच विचारता येईल, हे तिला या जाळ्यानं सांगितलं.

नावांची एक अडचण आहे, ती मन लावून पाहावी लागते. हाच २००९ चा निबंध ग्वेन रॉबिन्स या नावानं आहे आणि २०११ चं पुस्तक ग्वेन रॉबिन्स शुग या नावानं. लग्नानंतर आडनाव जोडलेल्या स्त्रियांचं जुनं काम अशा वेळी शोधातून निसटतं. वाळिंबे हे आडनाव इंग्रजीत डब्ल्यूनं लिहिलेलं आहे. व्हीनं शोधणाऱ्याला ते मिळणार नाही. देशपांडे, जोशी, पाटील अशी आडनावं आणि पुढे दोन आद्याक्षरं, एवढ्यावर तर माणूस ओळखूच येत नाही. यावर उपाय म्हणून २०१२ मध्ये ‘ऑर्किड’ हा सोळा अंकी ओळख क्रमांक सुरू झाला. नाव बदललं, संस्था बदलली तरी क्रमांक तोच राहतो. ज्याच्या पानावर हा क्रमांक आहे, त्याचं काम त्यावरून पडताळून घ्यावं. क्रमांक नसेल तर संस्था, वर्ष आणि विषय या तिन्हींचा मेळ बसतो का ते पाहावं.

आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. सहलेखकांच्या आकृतीत जी रेघ दिसते ती एकत्र काम केल्याची. मतभेदाची रेघ तिथे काढलेली नसते. ढवळीकरांनी मांडलं की इसवी सनापूर्वी हजारच्या सुमारास हवामान कोरडं झालं, शेती खालावली, चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या, लोक शिकारीकडे आणि गुराढोरांकडे वळले. शीना पांजा यांनी याच इनामगावच्या पुराव्यावरून लोकांच्या फिरत्या जगण्याबद्दल वेगळी मांडणी केली. रॉबिन्स शुग यांनीही दुष्काळाची जुनी मांडणी जशीच्या तशी स्वीकारली नाही. त्यांनी बालकांच्या वाढीच्या खुणा आणि हवामानाचे पुरावे नव्यानं पारखले. या नावांमध्ये निर्देशिका कदाचित एकही रेघ दाखवणार नाही. तरी विद्येतलं सगळ्यात जिवंत नातं हेच आहे. म्हणून एका लेखकाचं काम वाचून झालं की त्याचा उल्लेख पुढे कोणी केला, ते काम मान्य केलं की खोडून काढलं, हे शोधा. गुगल स्कॉलरवर प्रत्येक निबंधाखाली तो उद्धृत करणाऱ्या निबंधांची यादी मिळते. तिथून वाद सापडतो, आणि वाद सापडला की विषय सापडतो.

मग या निर्देशिकांत कोण नाही? जे हयात नाहीत ते बहुधा नाहीत. सांकलिया १९८९ मध्ये गेले, केनेडी २०१४ मध्ये, ढवळीकर २०१८ मध्ये. आपलं पान आपण भरायचं, अशी या निर्देशिकांची रीत. त्यामुळे ज्यांनी पाया घातला त्यांची पानं तिथे शोधून उपयोग नाही. त्यांच्यापर्यंत पुस्तकांतूनच जावं लागतं. ढवळीकरांनी ‘महाराष्ट्राची कुळकथा’ मराठीत लिहिली, ती आपल्या तालुक्याच्या वाचनालयात असायला हवी. मराठीत झालेलं काम या निर्देशिकांत फार कमी दिसतं, म्हणून संगणकावर शोधलं म्हणजे सगळं शोधलं, असं समजू नका.

आणि उत्खननात ज्यांनी टिकाव-घमेलं हाती घेतलं, त्यांची नावं कोणत्याही निर्देशिकेत येणार नाहीत. तुमच्या घरात कोणी आजोबा, कोणी आत्या त्या कामावर गेली असेल, तर त्यांच्या आठवणी लिहून घ्या. कुठे खड्डा होता, काय निघालं, साहेब लोक काय विचारत, मजुरी कशी मिळे, हे सगळं लिहा. तो काळ पाहिलेली माणसं आता थकली आहेत. हे काम बाहेरचा कोणी येऊन करणार नाही.

शेवटी पत्राविषयी. नाव सापडलं, पान सापडलं, संस्थेचा ईमेल मिळाला. आता पत्र लिहायचं. आधी त्या संशोधकाचा निदान एक निबंध वाचा, पूर्ण कळला नाही तरी चालेल. पत्रात मी कोण, कुठली, कोणता निबंध वाचला आणि माझा प्रश्न काय, एवढंच लिहा. प्रश्न एकच ठेवा. ‘इनामगावची माहिती पाठवा’ या पत्राला उत्तर देता येत नाही; ‘बालकांच्या हाडांवरून उपासमार कशी ओळखतात?’ या पत्राला देता येतं. पत्र मराठीत लिहिलं तरी पुण्यातल्या अभ्यासकाला ते आवडेल. उत्तराला वेळ लागला तर महिन्याभरानं नम्रपणे आठवण करा. मात्र कोणाचाही खासगी फोन नंबर शोधत बसू नका. संस्थेनं दिलेला पत्ता पुरेसा आहे.

तुमच्याकडेही देण्यासारखं काही आहे, हे विसरू नका. नांगरटीत खापरं वर आली, विहीर खणताना राखेचा थर दिसला, पुरानंतर काठ ढासळून जुनी जमीन उघडी पडली, हे सगळ्यात आधी शेतकऱ्याला दिसतं. अशा वेळी वस्तू उचलून घरी नेऊ नका. जागा तशीच राहू द्या, फोटो काढा, गट नंबर लिहा आणि पुरातत्त्व खात्याला किंवा त्या विषयाच्या अभ्यासकाला कळवा. मातीतल्या जागेपासून तोडलेलं खापर अर्ध्याहून जास्त मुकं होतं.

माझी शिरूर आणि दौंडच्या शाळा-महाविद्यालयांतल्या शिक्षकांना कळकळीची विनंती आहे. या वर्षी आपल्या वर्गाकडून इनामगाव, चांडोली आणि आसपासच्या स्थळांवर काम केलेल्या अभ्यासकांचा एक तक्ता करून घ्या. नाव, विषय, गुरू, सहकारी, मतभेद आणि आज काम कोण पुढे नेतं आहे, एवढे रकाने करा. त्यात गावातल्या त्या जुन्या मजुरांची नावंही घाला. तक्ता शाळेच्या भिंतीवर लावा आणि दरवर्षी त्यात भर घाला. ज्या मातीवर जगभरातल्या विद्वानांनी आयुष्यं घालवली, त्या मातीवर राहणाऱ्या मुलांना ते विद्वान कोण हे माहीत असणं हा त्यांचा हक्क आहे. आणि त्या तक्त्यात पुढचं नाव आपल्याच तालुक्यातल्या एखाद्या मुलीचं किंवा मुलाचं असावं, ही माझी मनापासूनची इच्छा आहे.