चिंचोके, काड्या आणि पहिली-दुसरीचा वर्ग

(महिला गटांच्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



मला 'मुलींचं शिक्षण' हा विषय दिला आहे. या विषयावर आपण सगळ्याजणी झोपेतसुद्धा बोलू शकू. गळती, बालविवाह, शाळेतली स्वच्छतागृहं, एसटीची वेळ. ते सगळं खरं आहे आणि त्यातलं तुमचं काम माझ्यापेक्षा जुनं आहे. म्हणून मी आज फक्त एका खोलीबद्दल बोलणार आहे. बीड जिल्ह्यातल्या एका गावातली दोन शिक्षकी जिल्हा परिषद शाळा आणि तिथली पहिली-दुसरीची खोली. गावाचं नाव घेत नाही. बाईंना उगीच त्रास नको.

त्या खोलीत मी पोचले कशी, ते आधी सांगते. आम्ही जवळच्या हायस्कुलात आठवीच्या मुलींचा किशोरी गट चालवतो. मी एमएसडब्ल्यू केलेली. हातात खेळांचं पुस्तक, तक्ते, सगळा जामानिमा. आणि मुली बोलायच्याच नाहीत. नाव विचारलं तरी आधी शेजारणीकडे बघायच्या. एकदा एसटीत शेजारी बसलेल्या बाईंपाशी मी हेच रडगाणं गायलं. त्या निघाल्या प्राथमिक शाळेतल्या शिक्षिका. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "आठवीत येऊन काय बघता? या पोरी पहिलीत माझ्याकडंच होत्या. पहिलीत येऊन बसा." जरा रागानेच म्हणाल्या. मी खरोखर गेले. जूनपासून एप्रिलपर्यंत, जमेल तसं दर गुरुवारी.

पहिली आणि दुसरी मिळून एकतीस मुलं, जोडवर्ग. पहिलीला पाटीवर गिरवायला लावायचं, तोवर दुसरीचं वाचन घ्यायचं, मग उलट. आपण शिबिरात वीस मोठ्या बायकांना तासभर एका जागी बसवताना घामाघूम होतो. बाई हे रोज करतात, शिवाय पोषण आहाराचा हिशेब आणि मोबाइलवर भरायची माहिती. म्हणून मी पुढे जे सांगेन ते बाईंवरची टीका म्हणून ऐकू नका. पहिल्या दिवशी माझ्या हातूनही तेच झालं होतं. मला प्यायला पाणी हवं होतं आणि मी सहज एका मुलीला सांगितलं.

झाडलोट मुली करत. ऑफिसात निरोप न्यायचा, घंटा द्यायची, बेंच सरकवायचे, ही कामं मुलगे करत. हे कुणी ठरवलेलं नव्हतं. हे तुम्हांला नवीन नाही, म्हणून त्यावर थांबत नाही. मी थांबले ते वेगळ्याच गोष्टीपाशी. बाई विचारायच्या, "कोण सांगेल?" त्याबरोबर पाच-सहा मुलगे उठून उभे राहायचे, बोट वर, तोंडाने "बाई मी, बाई मी!" ज्याचा आवाज मोठा त्याला पाळी. उत्तर चुकलं तरी तो खाली बसताना हसतच बसायचा. मी वहीत दोन रकाने आखले आणि नुसत्या रेघा मारत गेले. वर्गात मुली जास्त होत्या आणि मुलग्यांच्या रकान्यातल्या रेघा मात्र पानाबाहेर गेल्या.

ती वही बाईंना दाखवायची की नाही, यावर मी दोन आठवडे घालवले. शेवटी दाखवली. त्या काही बोलल्या नाहीत. पुढच्या गुरुवारी टेबलावर बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता, त्यात एकतीस आइसक्रीमच्या काड्या, प्रत्येकीवर एक नाव. "कोण सांगेल?" बंद. काडी निघेल त्याने सांगायचं.

हे ऐकायला सोपं वाटतं. पहिला महिनाभर डब्यातून मुलीचं नाव निघालं की वर्गात शांतता पसरायची. मुलगी उभी राही, ओढणी नसली तरी फ्रॉकचं टोक तोंडात. मुलगे आतून फुगलेले. एकाने तर घरी जाऊन सांगितलं की बाई आता मला काहीच विचारत नाहीत. बाईंनी एकच केलं, वाट पाहिली. मनातल्या मनात दहा अंक मोजायच्या, मग पुन्हा तोच प्रश्न हळू आवाजात. दहा अंक म्हणजे किती वेळ, ते तुम्ही आपल्या बैठकीत एकदा करून बघा. आपल्यातली कुणीतरी तिसऱ्या अंकालाच बोलायला लागते.

आणि एक गोष्ट माझ्या रकान्यांत बसली नव्हती. मागच्या भिंतीशी पालावरचा एक मुलगा बसायचा. तो मुलगा होता म्हणून मी त्याला मुलग्यांच्या रकान्यात धरलं होतं, आणि त्याच्या नावावर वर्षभरात एकही रेघ नव्हती. डब्यातून त्याची काडी निघाली तेव्हा आधी कुणाला तो कोण तेच कळेना. आपण मुलगे-मुली एवढंच मोजतो तेव्हा काय निसटतं, ते मला त्या दिवशी कळलं.

आता गणिताकडे येते. मराठीत सत्तावीस म्हणताना सात आधी तोंडात येतो आणि लिहायचा मात्र दोन आधी. त्यामुळे दुसरीतलं पोर सत्तावीस ऐकून ७२ लिहितं. २०१९ साली बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात 'वीस सात' अशीही वाचनाची पद्धत दिली, तर केवढा गहजब झाला! विधानसभेपर्यंत चेष्टा पोचली. गणित समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर शांतपणे समजावत राहिल्या. चेष्टा करणाऱ्यांपैकी किती जण दुसरीच्या वर्गात जमिनीवर बसून आले होते, कोण जाणे. आमच्या बाईंची रीत अशी : दहा काड्यांना रबर लावून गठ्ठा करायचा, तो दशक, बाकीच्या सुट्या. दोन गठ्ठे आणि सात सुट्या हातात धरल्या की ७२ लिहायला हात धजत नाही.

पण साहित्य हातात कुणाच्या? गटाला एकच पिशवी मिळायची आणि ती धरायचा मुलगा. मुली बघून शिकायच्या. बाईंनी पिशव्या वाढवल्या. चिंचोके गावात फुकट मिळतात, त्याला कुठल्या निधीची वाट पाहावी लागत नाही.

मग 'दुकान दुकान' हा खेळ. रिकामे डबे, कागदाच्या नोटा, खडूने लिहिलेल्या किमती. आपोआप दुकानदार मुलगा झाला आणि मुली पिशव्या घेऊन गिऱ्हाईक. बाईंनी इथंही डबा आणला. काडी निघाली ती दारापाशी बसणाऱ्या मुलीची.

तिच्याबद्दल आता सांगायला हवं. दुसरीतली. दीड वर्षाचा भाऊ कडेवर घेऊन शाळेत यायची. तो दारात रमला तर ती दारात बसायची, तो रडला की ती ओट्यावर. हजेरीपटावर रोज हजर, आणि दिवसाचा निम्मा वेळ वर्गाबाहेर. माझ्या वहीत तिची एक रेघ नव्हती.

तर ती भावाला मांडीवर घेऊन दुकानात बसली. एकाने पन्नासची नोट दिली, साबण अठरा रुपयांचा. तिने क्षणभर वर बघितलं आणि बत्तीस रुपये मोजून परत दिले. काड्या नाहीत, गठ्ठे नाहीत. दुसऱ्याने उसनं मागितलं तर गावातल्या दुकानदाराच्या आवाजात म्हणाली, "आधीचे द्या, मग बघू." वर्ग हसून लोळला. बाई माझ्याकडे बघत राहिल्या. दोन वर्षं ही मुलगी त्यांच्यासमोर होती आणि तिला हातच्याची वजाबाकी येते हे त्यांना ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं.

पाठ्यपुस्तकांविषयी आपण पूर्वी फार लिहिलं, मोर्चे काढले, निवेदनं दिली. आई स्वयंपाकघरात आणि बाबा पेपर वाचताना. ते बदललं, आणि आपल्या भांडणामुळेही बदललं. २०१९च्या दुसरीच्या पुस्तकात घरकाम करणारे पुरुष होते, डॉक्टर बाई, पोलीस बाई होत्या. बाईंनी त्याच पुस्तकातलं घरकाम करणाऱ्या वडिलांचं चित्र दाखवून विचारलं, "काय दिसतंय?" एक मुलगा तत्काळ म्हणाला, "बाई, त्यांची आई आजारी पडली." सगळ्यांना ते पटलं. एकीने भर घातली, "नाहीतर माहेरी गेली असंल."

पुस्तक बदलून मुलं वाचतात ती आपली घरंच. बाईंनी तिथं भाषण दिलं नाही, ही त्यांची हुशारी. मी असते तर दिलं असतं. त्यांनी जमिनीवर खडूने चौकोन आखले : आई, बाबा, आजी, ताई-दादा, मी. फळ्यावर कामं लिहिली. पाणी, झाडणं, भाकरी, भांडी, बाळ सांभाळणं, शेरडं, बाजार. जे काम जो करतो त्याच्या चौकोनात एक चिंचोका. मग मोजायचं, जास्त कुठे, कमी कुठे, फरक किती. माहिती गोळा करून मांडायची, हा दुसरीच्या गणिताचाच भाग आहे.

आईच्या चौकोनातून चिंचोके बाहेर सांडले. बाबांच्या चौकोनात एकाने मोठ्या अभिमानाने ठेवला, "बाबा गाडी पुसतात." एका मुलग्याने भांड्यांचा चिंचोका मुठीतच धरून ठेवला. त्याच्या घरी भांडी तोच घासतो, हे बाईंना माहीत होतं. त्यांनी पाहिलं आणि काही म्हटलं नाही. तो त्याने जाताना 'मी'च्या चौकोनात हळूच टाकला. आणि दारापाशी बसणाऱ्या मुलीला 'मी'च्या चौकोनासाठी चिंचोके पुरले नाहीत. तिने शेजारणीचे मागून घेतले.

दोन दिवसांनी दोन पालक शाळेत आले. घरच्या चुली शाळेत कशाला मांडता, असा त्यांचा सवाल. एक जण शाळा व्यवस्थापन समितीचा सदस्य. बाई घाबरल्या. तक्रार वर गेली तर काय होतं ते त्यांना माहीत होतं. इथं तुम्ही नीट ऐका, कारण हे आपलं काम आहे. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे या समितीत तीन चतुर्थांश पालक हवेत आणि सदस्यांत निम्म्या महिला हव्यात. त्या गावातही कागदावर निम्म्या होत्या. रजिस्टर घरी यायचं आणि त्या सही करायच्या. त्यांतल्या दोघी आपल्याच बचतगटातल्या, मला हे चार महिने माहीतसुद्धा नव्हतं! आम्ही त्यांना घेऊन बैठकीला गेलो. बरीच चर्चा झाली, आवाज चढले. शेवटी त्यांतली एक म्हणाली, "चिंचोके खोटे असतील तर सांगा. खरे असतील तर बाईंवर का ओरडता?" ठराव असा झाला की बाईंनी खेळ घ्यावेत, पण घरातलं वहीवर लिहून घेऊ नये. ठीक आहे. दुसरीतल्या मुलांना वही तशीही नको असते.

दिवाळीनंतर वर्ग निम्मा रिकामा झाला. तुम्हांला कारण माहीत आहे. मुकादमाची उचल घेतलेली, जोड्या कोयत्यावर निघाल्या. काही मुलं आजीपाशी राहिली. दारापाशी बसणारीला आजी नाही. हंगामी वसतिगृहाची सोय आहे, पण ती शाळेच्या वयाच्या मुलांची. अंगणवाडीत बसवायचं तर मूल तीन वर्षांचं हवं. दीड वर्षाच्या पोराला कुठेही जागा नाही, म्हणून त्याच्या सात वर्षांच्या बहिणीलाही नाही. आई फडात ऊस तोडणार, तर कोपीवर बाळाजवळ कुणीतरी हवंच. मागास आणि गरीब घरातल्या मुलींना शाळेत यावं म्हणून सरकारने १९९२ साली दिवसाला एक रुपया उपस्थिती भत्ता सुरू केला, आणि पुढे तीस वर्षं तो एक रुपयाच राहिला. तो दोन झाला असता, दहा झाला असता, तरी बाळाला कोण बघणार हा प्रश्न उरतोच.

हे कुणाला कळलंच नव्हतं असं नाही. १९४५ साली बोर्डीला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बालवाडीचं काम सुरू केलं आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली. विकासवाडी म्हणत त्याला. आदिवासी पाड्यांवर मोठी बहीण शाळेत यायची तर धाकट्याला पाळणा हवा, इतकी ती साधी गोष्ट. आपण पाळणाघराची मागणी नेहमी नोकरी करणाऱ्या बाईसाठी करतो. दुसरीतल्या मुलीसाठी ती मागणी मी तरी कधी केली नव्हती.

आम्ही प्रयत्न केला. बचतगटातल्या दोघी दिवसा बाळ सांभाळायला तयार झाल्या. रात्रीचं काय, पोर आजारी पडलं तर काय, असं आईने विचारलं. उत्तर नव्हतं. अंगावर पिणारं मूल ती मागे ठेवणार नव्हती आणि मला ते पटलं. ट्रक पहाटे गेला.

बाईंनी डब्यातली तिची काडी काढली नाही. अधूनमधून ती निघायची. मुलं ओरडायची, "बाई, ती कारखान्याला गेलीय," आणि बाई ती परत आत टाकायच्या. ३ जानेवारीला सावित्रीबाईंच्या जयंतीची भाषणं झाली, नऊवारी नेसलेल्या दोघी न अडखळता बोलल्या. दुसऱ्या दिवशी त्यांच्याच काड्या निघाल्या तेव्हा मात्र आवाज पुन्हा अर्धा झाला. पण काहीतरी बोलल्या.

ती गुढीपाडव्यानंतर परत आली. रंगाने काळवंडलेली, भाऊ चालायला लागलेला. वाचन बरंच मागे पडलं होतं. वजाबाकी तशीच होती, मोळ्या मोजून उलट वाढलीच होती. एप्रिलच्या शेवटच्या गुरुवारी तिची काडी निघाली, तिने धडा अक्षर लावत लावत वाचला आणि बाईंनी शंभरपर्यंत अंक मोजले असतील.

आता ती तिसरीत गेली. तिसरी-चौथी पलीकडच्या खोलीत गुरुजींकडे आहे. डबा बाईंच्या टेबलावर राहिला. मी दोनदा पलीकडच्या दारातून डोकावले, गुरुजी विचारत होते, "कोण सांगेल?" त्यांच्याशी बोलायचं आहे. पुढची समितीची बैठक ऑगस्टमध्ये आहे, त्याच्या आत, कारण दिवाळीनंतर बोलून उपयोग नाही.