लग्नपत्रिकेची परवानगी

(आंजर्ले येथील वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान)

मंडळी, माझ्या खिशात एक लग्नपत्रिका आहे. वैशाखात आंजर्ल्याला आलं की अशा चार तरी गोळा होतात. वर ‘कड्यावरचा गणपती प्रसन्न’, खाली चिल्ल्यापिल्ल्यांचं ‘आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं!’ पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या अमलातल्या गोव्यात अशी पत्रिकासुद्धा छापण्याआधी सेन्सॉरकडून पास करून घ्यावी लागे. त्या ‘यायचं हं’सकट.

पोर्तुगालमध्ये १९३३ साली सालाझारने नवी घटना आणली. एकच पक्ष, छापील अक्षरावर पहारा, गुप्त पोलीस. तो फॅसिस्ट की नुसताच हुकूमशहा, यावर पंडित अजून भांडतात. भांडोत. रात्री ज्याच्या दारावर थाप पडली, त्याला त्या वादाचं काय?

गोवामुक्तीची गोष्ट आपण परक्यांना हाकलल्याची गोष्ट म्हणून सांगतो. ती तशी आहेच, पण तेवढीच नाही; ती हुकूमशाहीशी झुंजल्याचीही आहे. १८ जून १९४६ ला मडगावात सभाबंदी मोडून समाजवादी नेते राममनोहर लोहिया उभे राहिले, ते असोळण्याला डॉ. ज्युलियांव मिनेझिस यांच्याकडे विश्रांतीला आले होते म्हणून. या दोघांची मैत्री बर्लिनची, विद्यार्थीदशेतली. लोहिया १९३३ साली तिथून परतले तेव्हा हिटलर सत्तेवर आला होता. सभाबंदी कुठवर जाते, हे त्यांना पुस्तकातून शिकायचं नव्हतं.

मडगावच्या सभेच्याच वर्षी, १९४६ मध्ये, गोमंतकीय पुढारी त्रिस्ताव ब्रागांझा कुन्हांना लष्करी कोर्टाने आठ वर्षांची सजा दिली आणि पोर्तुगालमधल्या पेनिशच्या किल्ल्यात धाडलं. तो समुद्राला लागूनच आहे. सालाझारचे पोर्तुगीज विरोधकही त्याच किल्ल्यात डांबलेले असत. गोवेकर आणि पोर्तुगीज, एकाच सरकारचे कैदी! आपल्या शाळेच्या पुस्तकांत ही ओळ मला कुठे दिसली नाही.

नानासाहेब गोरे तर आपल्याच मुलखातले, देवगडजवळच्या हिंदळ्याचे. १८ मे १९५५ ला सेनापती बापटांबरोबर त्यांनी सत्याग्रहींची तुकडी गोव्यात नेली, मार खाल्ला, दहा वर्षांची सजा घेतली. १५ ऑगस्टला तर निःशस्त्र माणसांवर गोळ्या चालल्या, वीसहून अधिक गेले. पोर्तुगाल मात्र १९४९ पासून ‘नाटो’त, लोकशाहीच्या राखणदारांच्या पंगतीत मानाने बसलेला.

सांगलीचे मोहन रानडे गोव्यात मराठीचे मास्तर म्हणून गेले आणि आझाद गोमंतक दलात शिरले. त्यांचा मार्ग सत्याग्रहाचा नव्हता. १९५५ च्या ऑक्टोबरात बेतीच्या पोलीस चौकीवरच्या हल्ल्यात गोळी लागून ते पकडले गेले. सजा सव्वीस वर्षांची. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा सुटला. रानडे लिस्बनजवळच्या काशियसच्या तुरुंगातच. संगीतकार सुधीर फडक्यांनी त्यांच्यासाठी जिवाचं रान केलं, तेव्हा कुठे जानेवारी १९६९ मध्ये ते बाहेर आले.

काशियसमधल्या पोर्तुगीज राजबंद्यांना आणखी पाच वर्षं थांबावं लागलं. २५ एप्रिल १९७४ ला त्यांच्याच सैनिकांनी ती राजवट उलथली, बंदुकांच्या नळ्यांत लोकांनी लाल फुलं खोवली आणि तुरुंगाची दारं उघडली. गोवा भारताचा आहे, हे पोर्तुगालने त्याच वर्षी डिसेंबरात मान्य केलं.