व्हीलचेअरची घडी आणि आपली बोटं

(शनिशिंगणापूर इथल्या ग्रामसंघाच्या मासिक बैठकीत एका सदस्य ताईंनी केलेलं भाषण. त्या दिवशी कांदा काढणीमुळे पुष्कळ जणी येऊ शकल्या नाहीत, म्हणून ते जसंच्या तसं देत आहोत.)

प्रार्थना झाली, हजेरी झाली, थकलेल्या हप्त्यांचाही विषय झाला. अध्यक्षताईंनी मला दहा मिनिटं दिलीत. ती लांबणार, हे आधीच सांगते.

आज आपल्यापुढे ठराव आहे, की जोखीम प्रवणता निधीतून, म्हणजे आपण व्हीआरएफ म्हणतो त्यातून, गावासाठी घडीची एक व्हीलचेअर घ्यायची. ज्या घरात गरज पडेल तिथं ती जाईल, काम झालं की परत येईल. मी त्या ठरावाला हात वर करणार आहे. पण हात वर करायच्या आधी हा हात बघा. हे बोट दिसतंय का? याचं नख दोनदा गेलंय. दोन्ही वेळा व्हीलचेअरनंच.

आमच्या आत्याबाईंना चार वर्षांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला. डावी बाजू गेली. एका शिबिरात त्यांना खुर्ची मिळाली. हार झाला, फोटो झाला, टाळ्या झाल्या. पण ती उघडायची कशी आणि मिटायची कशी, हे कुणी सांगितलं नाही. घरी आणली. मी आपली बसायच्या रेक्झिनच्या दोन्ही कडेच्या नळ्या मुठीत घट्ट धरल्या आणि दिला दाब. खुर्ची उघडली, पण बोटं आत. कडेची नळी खाली येऊन बाजूच्या सांगाड्यावर बसते आणि मधे काही असलं तर ते चेंगरतं. पंधरा दिवस मला भाकरी थापता आली नाही. सुनेचं बोट चेंगरलं म्हणून आत्याबाई रडल्या, त्या रडल्या म्हणून मी रडले, आणि खुर्ची महिनाभर कोपऱ्यात.

म्हणून पहिली गोष्ट ही, की घडी कशी चालते ते समजून घ्या. खुर्चीच्या खाली वाकून बघितलं तर दोन नळ्या कात्रीसारख्या एकमेकींना आडव्या जोडलेल्या दिसतात. मधे बोल्ट. सीट वर ओढली की कात्री मिटते, सीट खाली दाबली की कात्री उघडते. एवढंच यंत्र आहे. अमेरिकेत हर्बर्ट एव्हरेस्ट नावाचे खाणीतले इंजिनिअर होते. १९१८ साली खाणीतल्या अपघातात त्यांचा कणा मोडला. त्या काळातली खुर्ची लाकडी, अवजड, मोटारीत न मावणारी. त्यांनी आणि त्यांचे मित्र हॅरी जेनिंग्ज यांनी १९३३ च्या सुमाराला ही कात्रीची, घडीची खुर्ची तयार केली. म्हणजे बघा, घडी निघाली ती माणसाला घराबाहेर जाता यावं म्हणून. आपण मात्र घडी घालून ती पोटमाळ्यावर टाकतो.

आता उघडायची कशी. खुर्ची जमिनीवर सरळ उभी करा. हँडल धरून थोडी बाहेर ओढा, म्हणजे ती जराशी फाकते. मग एका बाजूला किंचित कलती करा, म्हणजे पलीकडचं चाक जमिनीवरून सुटतं आणि जोर कमी लागतो. तळहात सपाट ठेवा, जसा आपण पोळपाटावर पीठ दाबताना ठेवतो तसा. दोन तळहात सीटच्या दोन नळ्यांवर, आणि बोटं आतल्या बाजूला, सीटच्या मध्याकडे. मूठ वळायची नाही, बोटं बाहेर जाऊ द्यायची नाहीत. दाबलं की नळी खाचेत बसल्याचा खट्‌ असा आवाज येतो. दोन्ही बाजूंना नळी पूर्ण बसली का ते डोळ्यांनी बघायचं. एका बाजूची अर्धवट राहिली तर माणूस बसल्यावर सीट तिरकी होते.

मिटायचं त्याच्या उलट. माणूस खाली उतरलेला असला पाहिजे, हे सांगायची गरज नाही, पण सांगते. गादी किंवा उशी काढून घ्यायची. पाय ठेवायच्या दोन्ही पाट्या वर उचलायच्या, नाहीतर त्याच आडव्या येतात आणि आपण उगीच जोर लावत बसतो. मग सीटच्या मधोमध, एक हात पुढच्या कडेला आणि एक मागच्या कडेला धरून सरळ वर उचलायचं. खुर्ची आपोआप मिटते. हात टेकायचे दांडे धरून दोन्ही बाजूंनी दाबत बसू नका, त्यानं बोल्ट ढिले होतात. आणि लेकरांना लांब ठेवा. लेकरांना ती कात्री फार आवडते.

दुसरी वेळ माझं नख गेलं ते माझ्याच घाईमुळे, त्यावर बोलत नाही.

आता नेण्याचं. आमच्या आत्याबाईंना दर महिन्याला दवाखान्यात न्यावं लागायचं. घोडेगावपर्यंत काहीतरी वाहन, मग पुढं नगर. एकदा शेजारचा पिकअप घोडेगावच्या मार्केटला कांदा घेऊन चालला होता. म्हटलं, खुर्ची टाका मागं, आम्ही पुढं बसतो. टाकली आडवी. तिच्यावर गोण्या. माझं लक्ष नव्हतं आणि ड्रायव्हर बिचाऱ्याला काय माहीत. उतरवली तर पुढच्या छोट्या चाकाचा काटा वाकलेला. खुर्ची चालेना, सारखी एका बाजूला ओढायची. तो भाग मिळेपर्यंत दोन महिने गेले. दोन महिने आत्याबाई खाटेवर. दवाखान्याच्या तारखा चुकल्या, आणि माकडहाडावर जखम झाली. ज्यांनी अशी जखम धुतलीय त्यांना माहितेय मी काय म्हणते ते. भरून यायला खुर्ची दुरुस्त व्हायच्या कितीतरी पट वेळ लागला. खुर्चीचं एक चाक म्हणजे काही लहान गोष्ट नाही.

तेव्हापासून माझा नियम. खुर्ची गाडीत आडवी टाकायची नाही, चाकांवर उभी ठेवायची, घडी घातलेली, आणि दोरीनं किंवा जुन्या साडीच्या पट्टीनं बांधायची. आधी खुर्चीचीच घडी बांधून घ्यायची म्हणजे ती वाटेत उघडत नाही, मग गाडीच्या दांड्याला बांधायची. वर काही ठेवायचं नाही. सुट्या होणाऱ्या पाट्या काढून पिशवीत घालून आपल्या मांडीवर, म्हणजे हरवत नाहीत. लोखंडी खुर्ची पंधरा-वीस किलोची असते, एकटीनं उचलू नका. दोघींनी, गुडघ्यात वाकून, सांगाड्याच्या पक्क्या नळीला धरून. चाकाला धरलं तर चाक फिरतं, दांड्याला किंवा पाटीला धरलं तर ते निघून हातात येतं आणि खुर्ची पायावर.

माणसाला मात्र खुर्चीसकट टेम्पोत चढवायचं नाही. गचका बसला की खुर्ची माणसाला घेऊन उलटते. माणूस गाडीच्या सीटवर, खुर्ची घडी करून वेगळी. एसटीत पंच्याहत्तर पूर्ण झालेल्यांना तिकीट नाही, आपल्याला बायकांना अर्धं आहे, त्यामुळं एसटी परवडते. पण गर्दीच्या गाडीत खुर्ची मावत नाही. सकाळची पहिली गाडी बघायची, कंडक्टरला आधी सांगायचं. शनिवारी आणि अमावस्येला तर आपल्या गावातून गाडीचा विचारच नको.

बसवताना-उतरवताना काय होतं, ते ऐका. सगळ्यात जास्त पडझड इथंच होते. दोन्ही ब्रेक लावायचे, एक नाही, दोन्ही. पाट्या वर उचलायच्या. उतरताना पाटीवर पाय देऊन उभं राहिलं की सगळी खुर्ची पुढं कलंडते आणि माणूस तोंडावर पडतो. लकवा झालेल्या माणसाची चांगली बाजू खाटेकडे येईल अशी खुर्ची लावायची, आणि लुळा हात धरून ओढायचं नाही, खांदा निखळतो. कमरेला धरायचं. ब्रेक हा थांबलेली खुर्ची थांबवून ठेवायला असतो, उतारावर पळती खुर्ची रोखायला नाही. हवेचं चाक असेल तर हवा कमी झाली की ब्रेक चाकाला नीट टेकतच नाही. आपल्याकडे बाभळीचे काटे, तेव्हा हवा रोज अंगठ्यानं दाबून बघायची.

आता आपल्या गावाचं. बाहेरचे लोक आपल्या दारं नसलेल्या घरांचं कौतुक करतात. मला विचाराल तर व्हीलचेअरला ते फार सोयीचं. दाराची फळी नाही म्हणजे चौकट पूर्ण मोकळी. उघडी खुर्ची सव्वादोन फुटांच्या आसपास असते, आणि दार असलं की त्याच्या जाडीचे दोन इंच नेमके कमी पडतात. पडदा बाजूला केला की आपण आत. पण उंबरा आहे ना! आणि कुत्र्यासाठी आडवी लावलेली फळी. फळी उचलता येते, उंबऱ्याला उतरण करावी लागते. हिशेब सोपा आहे: एक इंच उंचीला एक फूट लांबी. तीन इंचांचा उंबरा, तीन फुटांची उतरण. सहा इंचांची पायरी असेल तर सहा फूट. त्यापेक्षा आखूड केली तर ढकलणारीचा जीव जातो आणि उतरताना खुर्ची निसटते. उतारावरून नेताना खुर्ची उलटी धरा, आपण खाली, माणसाची पाठ उताराकडे. म्हणजे तो पुढं घसरत नाही.

दर्शनाला न्यायचं तर फरशीवर तेलाचे थेंब असतात, चाक घसरतं आणि आपला पायही. आपली चप्पल नसते, हेही लक्षात ठेवा. बसलेल्या बाईचा पदर मांडीखाली दाबून घ्या, चाकात गेला की गळ्याला ओढ बसते. ढकलणारीनं आपला पदरही खोचायचा. चौथऱ्यावर बायकांनी जायचं का, हा वाद २०१६ च्या गुढीपाडव्याला सुटला. पण ज्यांना पायरीच चढता येत नाही, त्यांच्यासाठी अजून कुणी वाद घातलेला नाही. असो, हा माझा विषय नाही आज. आत्याबाई खालूनच हात जोडतात.

तेलावरून आठवलं. एका सुनेनं आपल्या खुर्चीच्या ब्रेकला तेल घातलं, करकरतो म्हणून. ब्रेकला आणि चाकाच्या रबराला तेल कधीच घालायचं नाही, ब्रेक धरणारच नाही. तेल घालायचं ते कात्रीच्या मधल्या बोल्टला आणि पुढच्या छोट्या चाकांच्या दांडीला, एकेक थेंब. त्या दांडीला आपले केस आणि दोरे गुंडाळतात, ते महिन्यातून एकदा काढायचे. तेवढ्यानंच अर्धी करकर जाते.

ठेवायची कुठं? कुलपाचा प्रश्न आपल्याकडे नाही, शेळ्यांचा आहे. आणि चुलीचा. चुलीजवळ रेक्झिन कडक होतं आणि चिरतं. पावसात भिजली तर पुसून, उघडी करून वाळवायची आणि मगच घडी, नाहीतर कात्रीला गंज धरतो. घडीवर गोधड्यांचा ढीग रचू नका. मिटलेली खुर्ची फूटभर जागा घेते, भिंतीशी उभी राहते, ब्रेक लावून.

आता कुणी म्हणेल, शिबिरात फुकट मिळते तर आपण पैसे का घालायचे? ज्यांना मिळते त्यांनी जरूर घ्यावी. केंद्राची राष्ट्रीय वयोश्री योजना २०१७ पासून आहे, साठीच्या पुढच्या गरीब माणसांना त्यात खुर्ची मिळते. राज्याची मुख्यमंत्री वयोश्री २०२४ ची आहे, पासष्ट वर्षांच्या पुढं, तीन हजार रुपये खात्यात. अपंगत्वाचं प्रमाणपत्र चाळीस टक्क्यांचं असेल तर एडिप योजना आहे. पण कागद जमेपर्यंत, शिबिर लागेपर्यंत घरातलं माणूस थांबत नाही. पाय मोडलेल्या पोराला दीड महिनाच खुर्ची लागते, त्यानं योजनेत कुठं जायचं? बाळंतपणात ऑपरेशन झालेल्या सुनेला दोन दिवसच लागते. गावची खुर्ची त्यांच्यासाठी.

कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांचं नाव काही जणींनी ऐकलं असेल. सोळाव्या वर्षी त्यांचे पाय गेले. त्यांनी शिक्षण केलं, सरकारी नोकरी केली, १९८४ मध्ये ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था काढली. त्यांच्या आत्मचरित्राचं नावच ‘चाकाची खुर्ची’ आहे. आपल्याकडे खुर्ची आली म्हणजे माणूस संपलं असं समजतात. आमच्या आत्याबाईही पहिल्यांदा तेच म्हणाल्या, “आता मला बसवूनच ठेवणार तुम्ही.” आता रोज संध्याकाळी मला बोलावतात, चल, ओट्यावर घे. तिथं बसून लसूण सोलतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याची चौकशी करतात. गावातली निम्मी बातमी मला त्यांच्याकडूनच कळते.

ठरावात माझ्या दोन गोष्टी घाला. खुर्चीची एक वही ठेवा: कुणी नेली, कधी नेली, परत आली तेव्हा ब्रेक, चाकं, पाट्या, बोल्ट कसे होते, आणि नेणारीची व आणणारीची सही. आणि जिला घडी घालता येते तिलाच खुर्ची द्यायची, मग ती अध्यक्षताईंची जाऊ का असेना.

आमची खुर्ची मी मुद्दाम बरोबर आणलीय, ती तिथं खांबाशी आहे. भाषण पुरे. बांगड्या वर सरकवा, पदर खोचा आणि दोघी-दोघी पुढं या. आधी मिटायची, मग उघडायची. आणि बोटं आत, सीटच्या मध्याकडे!